खड्डा का जाईना?

(दृश्य: इंजेक्शन मोल्डिंगचं मशीन. वितळलेलं प्लॅस्टिक भरलेला मोल्ड, म्हणजे साचा, उघडतो, गरम पीस हातमोज्यात येतो.)

ट्यूबलाइटखाली पीस तिरका धरला की दिसतो. मागे रिब, म्हणजे आधाराची उभी पट्टी आहे, नेमका तिथेच पुढच्या गुळगुळीत बाजूला उथळ खड्डा. सिंक मार्क. रिबपाशी प्लॅस्टिक जाड. ते सावकाश थंड होतं आणि आकसताना वरची कातडी आत ओढतं. पॉलिप्रॉपिलीन तर शंभर मिलिमीटरला दीड मिलिमीटर सहज आकसतं.

शॉपवर पहिला उपाय ठरलेला: होल्डिंग प्रेशर, म्हणजे मोल्ड भरल्यावरही प्लॅस्टिक दाबून धरणारा दाब, वाढवा. खड्डा तसाच. प्रेशर पूर्ववत करून होल्डिंगचा वेळ वाढवला, तरी तसाच. शिफ्ट बदलली की नवा ऑपरेटर स्वतःच्या वहीतलं सेटिंग लावतो.

खरं तर दोन्ही उपाय बरोबरच होते. फक्त वेगवेगळे केले. प्लॅस्टिक आत शिरतं ते तोंड म्हणजे गेट. ते गोठायच्या आत होल्डिंग सुटलं, तर दाबून भरलेला माल मागे सरकतो, प्रेशर वाया. आणि प्रेशरच तोकडं असेल, तर गेट गोठेपर्यंत थांबूनही पुरेसा माल आत जात नाही.

(दृश्य: टेबलावर आठ चिठ्ठ्या.)

इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेतांवर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९२०च्या दशकात खतांबाबत हेच सांगत होते: घटक एकत्र बदला, पण आखणी करून. इथे घटक तीन: प्रेशर, वेळ, मोल्डचं तापमान. प्रत्येकाच्या दोन पातळ्या, म्हणजे आठ सेटिंग. क्रम चिठ्ठ्या टाकून. कारण पाळीभर हायड्रॉलिक तेल तापत जातं. ओळीने गेलात तर तेलाचं श्रेय प्रेशर खाऊन जातं. ऑपरेटर कुरकुरतो, आणि त्याचंही खरंच आहे: मोल्डचं तापमान दर वेळी स्थिर व्हायला बराच वेळ जातो. तोवर निघालेले पीस फेकायचे, मग पुढचा पीस काट्यावर: आत माल जास्त गेला, तर वजन जास्त.

आठ सेटिंगांत सात घटकही बसवता येतात. एरवी १२८ जुळण्या लागतील. त्यामागचे ऑर्थोगोनल ॲरे, म्हणजे मोजक्या जुळण्या समतोल निवडणारे तक्ते, संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत मांडले. याच पद्धतीसाठी ओळखले जाणारे जपानी अभियंते तागुची १९५४-५५मध्ये तिथे येऊन गेले, आणि आपण मात्र हे जपानी म्हणून शिकतो! सातही घटक बसवायचा मोह होतो, पण एवढ्या कमी सेटिंगांत दोन घटकांच्या जोडीचे परिणाम इतर घटकांच्या परिणामांत मिसळतात. इथे तर गोम जोडीतच होती.

(दृश्य: आलेख.)

कमी वेळ: प्रेशर वाढलं तरी वजनाची रेघ जवळपास आडवी. जास्त वेळ: तीच रेघ वर चढते.

ऑपरेटर वही उघडतो. प्रेशर आणि वेळ, दोन्ही आकडे एकाच ओळीत लिहितो.