मठात शिरलेला लांडगा

श्रोतेहो, नमस्कार.

पंचतंत्रातले करटक-दमनक आपल्या लहानपणापासूनच्या ओळखीचे. आज मी तुम्हाला त्यांच्या एका दूरच्या भाईबंदाला भेटवणार आहे. तो राहतो फ्लँडर्समध्ये, आजच्या बेल्जियममधल्या गेंट शहराच्या परिसरात. तिथे ११४८-४९च्या सुमारास साडेसहा हजारांहून अधिक ओळींचं एक लॅटिन काव्य रचलं गेलं, ‘इसेंग्रिमुस’. कवीचं नाव निवार्डुस असावं. स्वतः काव्यात ते नाव कुठेही नाही.

इसेंग्रिमुस हा लांडगा. मुंडन करून मठात राहून आलेला, पण भूक लांडग्याचीच. त्याच्यासमोर राइनार्डुस कोल्हा.

सिंहाच्या दरबारातला प्रसंग ऐका. सिंह तापाने फणफणलाय. लांडगा सल्ला देतो, मेंढा आणि बोकड खा, बरे व्हाल. तेवढ्यात कोल्हा येतो आणि झिजलेले जोडे पुढे मांडतो. महाराज, औषधासाठी सालेर्नोपर्यंत पायपीट केली! सालेर्नो म्हणजे त्या काळची वैद्यकाची पंढरी. औषध काय, तर लांडग्याचं कातडं पांघरून घाम काढायचा. भर दरबारात लांडगा सोलला जातो.

बिशप म्हणजे भाविकांचा मेंढपाळ, असं चर्च शिकवत होतं. मेंढपाळाच्या जागी लांडगाच बसला, तर कळपाने जायचं कुणाकडे? कवीला हाच प्रश्न जाळत होता. जनावरांच्या गोष्टीमागे लेखक लपतो, असं आपण नेहमी म्हणतो. मला ते इथे पटत नाही. तुर्ने शहराचे बिशप आन्सेल्म तेव्हा हयात होते, आणि चर्च लुबाडणारा म्हणून कवी त्यांचं सरळ नाव घेतो.

शेवटच्या सर्गात सालाउरा नावाची डुकरीण आणि तिचा कळप लांडग्याला फाडून खातो. कथा इथे संपू शकली असती. पण काव्याबाहेरच्या जगात युरोपातल्या ख्रिस्ती फौजांचं दुसरं धर्मयुद्ध, म्हणजे क्रुसेड, नुकतंच फसलं होतं. ११४८च्या जुलैत दमास्कसचा वेढा पाच दिवसांत उठला होता, वाटेत हजारो माणसं मेली होती. त्या मेलेल्यांसाठी काव्यात सालाउराच आक्रोश करते. सिसिलीचा राजा रॉजर याचं सोनं घेऊन पोपने ख्रिस्ताची माणसं मरणाला विकली, हा आरोप त्या डुकरिणीच्या तोंडून, चर्चच्याच भाषेत, लॅटिनमध्ये ऐकू येतो.