आधी कागद, मग आवाज

टेबलाभोवती सहा जण. प्रत्येकापुढे एक कागद, त्यावर तीन रकाने. घड्याळात पाच मिनिटं लावलेली. बोलायचं नाही.

सर्जनशीलतेच्या वर्गातलं हे विचारमंथन. ऐकू येतेय ती फक्त पेनांची खरखर. आजचा प्रश्न आहे: औषधाची वेळ विसरणाऱ्यांसाठी काय करता येईल?

वेळ संपली. कागद उजवीकडे सरकले. आता समोर शेजाऱ्याच्या तीन कल्पना. त्या वाचायच्या आणि खाली आपल्या तीन लिहायच्या. त्याचीच कल्पना पुढे नेली तरी चालेल, पार उलटी केली तरी चालेल. कागद सहाही जणांकडे फिरला की अर्ध्या तासात 108 कल्पना. जर्मनीतल्या बेर्न्ड रोरबाख यांनी 1968 साली ही पद्धत मांडली.

गटात मोठ्याने कल्पना मांडण्याची रीत त्याआधीची. ती रूढ केली अमेरिकेतल्या जाहिरात क्षेत्रातल्या अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न यांनी. फळ्यावर दिसतायत ते त्यांचे चार नियम. भरपूर सुचवा, अचाट सुचवा, दुसऱ्याच्या कल्पनेत भर घाला, टीका आत्ता नको. नियम उत्तमच आहेत. पण एका वेळी एकच जण बोलू शकतो. बाकीचे सुचलेलं मनात धरून बसतात, आणि तेवढ्यात नवं सुचायचं थांबतं. डील आणि श्ट्रोबं या संशोधकांनी 1987 मध्ये प्रयोगांतून हेच दाखवलं.

कोपऱ्यातली ही मुलगी पाहा. मागच्या तासाला तिने चकार शब्द काढला नव्हता. आज तिचा एकही रकाना रिकामा नाही. म्हणून तर आधी लिहायचं!

भिंतीवर कागद, कागदांवर पसंतीचे रंगीत ठिपके. निवडलेल्या कल्पनांचे नमुने पुढे बनतील.

त्याआधी पिचचा, म्हणजे कल्पना थोडक्यात पटवून सांगण्याचा, सराव. एक मिनिट, समोर सगळा वर्ग. कोपऱ्यातल्या मुलीची कल्पना, गोळीच्या वेळी उजळणारं डबीचं झाकण. पहिल्या वेळी ती दिवा, बॅटरी, सेन्सर सांगत राहते आणि मिनिट संपतं. शिक्षिका एवढंच विचारतात, "अडचण कुणाची आहे?" दुसऱ्या वेळी मधेच अडखळते. तिसऱ्या वेळी सुरुवातच बदलते: "आजोबांनी सकाळची गोळी घेतली का, हे त्यांनाच आठवत नाही."

मागून एक हात वर होतो. "आणि गोळ्या दोन असतील तर?"

ती पेन उचलते.