वादळ लांबून गेलं, लाटा आल्या

[दृश्य: खडकाळ किनारा, त्यावर दाटीवाटीनं उभे असलेले लोक. समोर फुटणारी मोठी लाट.]

२३ ऑगस्ट २००९. अमेरिकेच्या मेन राज्यातलं अकेडिया राष्ट्रीय उद्यान. 'बिल' नावाचं हरिकेन त्या दिवशी इथल्या किनाऱ्याला न शिवता, भर समुद्रातून कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाकडे निघालं होतं. ते इथं धडकणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच हजारो लोक निर्धास्त मनानं लाटा बघायला आले होते. इथं 'थंडर होल' नावाची एक कपार आहे. लाट आत शिरली की गडगडाट होतो आणि पाणी उंच उडतं. लोक त्याच्या आसपास, ओल्या खडकांपासून थोडं मागे उभे होते.

मग एक लाट आली, ती आधीच्या लाटांच्या रेषेवर थांबलीच नाही. वीसेक माणसं तिच्या तडाख्यात सापडली. तिघांना तिनं समुद्रात ओढून नेलं. दोघांना वाचवता आलं. सात वर्षांची एक मुलगी गेली.

"वादळाचा आपल्या किनाऱ्याला धोका नाही." हे वाक्य ऐकलं की माणसं सुटकेचा श्वास टाकतात आणि थेट समुद्रावर जातात. वाऱ्यापुरतं ते वाक्य खरं असतं. लाटांना मात्र ते लागू पडत नाही, आणि दूरच्या वादळात किनाऱ्यावर जीव जातात ते बहुतेक याच फरकापायी.

[दृश्य: उपग्रहातून दिसणारं चक्रीवादळ. नकाशावर त्याच्या संभाव्य मार्गाचा पट्टा.]

बातम्यांमध्ये दिसणारा हा पट्टा वादळाचं केंद्र कुठून जाईल एवढंच सांगतो. वादळानं उठवलेल्या लाटा त्या पट्ट्यात राहत नाहीत.

वारा किती जोराचा, तो किती वेळ वाहिला आणि किती लांबीच्या पाण्यावरून वाहिला, या तीन गोष्टींवर लाट ठरते. चक्रीवादळात तिन्ही गोष्टी जुळून येतात. उत्तर गोलार्धात वादळाच्या उजव्या अंगाला वाऱ्याची दिशा आणि वादळाच्या प्रवासाची दिशा एकच असते. तिथली लाट वादळाबरोबरच पुढे सरकते, त्यामुळे वारा तिला तासन्‌तास रेटत राहतो. दक्षिण गोलार्धात हेच डाव्या अंगाला घडतं. अशी पोसलेली लाट एकदा वाऱ्याच्या तावडीतून सुटली की शेकडो, कधी हजारो किलोमीटर चालत जाते.

ती किती लांब जाऊ शकते, हे वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञानं मोजून दाखवलं. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या फौजांना किनाऱ्यावर उतरायचं होतं, तेव्हा समुद्रशास्त्रज्ञ हाराल्ड स्वेरड्रुप यांच्यासोबत त्यांनी लाटांचा अंदाज बांधण्याची पद्धत बसवली. पुढे १९६३ मध्ये त्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणीची ठाणी उभारली आणि दक्षिण महासागरातल्या वादळांनी उठवलेल्या लाटांचा माग काढला. अख्खा प्रशांत महासागर ओलांडून त्या लाटा अलास्काच्या किनाऱ्याला लागल्या होत्या.

[दृश्य: शांत, तेलकट दिसणारा समुद्र. हळूहळू फुगणारी एक लांब लाट.]

समुद्रातल्या सगळ्या लाटा एका वेगानं चालत नाहीत. दोन माथ्यांमध्ये जितके जास्त सेकंद, तितकी लाट वेगवान. पंधरा सेकंदांच्या लाटांचा ताफा खोल पाण्यात ताशी सुमारे ४० किलोमीटरनं जातो, म्हणजे दिवसाला जवळजवळ हजार किलोमीटर. वादळ स्वतः बरेचदा याच्या निम्म्या वेगानं सरकतं. म्हणून वादळ दोन-तीन दिवसांच्या अंतरावर असतानाच त्याच्या लाटा किनाऱ्याला येऊन थडकतात. वर आभाळ निरभ्र, वारा मंद, आणि खाली हे पाणी.

या लाटा खोल समुद्रात डोळ्यांत भरत नाहीत. उंची मीटरभर, पण एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंत साडेतीनशे मीटर. होडीतल्या माणसाला फक्त सावकाश वर गेल्यासारखं आणि खाली आल्यासारखं वाटतं. उथळ पाण्यात शिरल्यावर मात्र लाटेचा पाया तळाला लागतो, तिचा वेग मंदावतो आणि मागून येणारी ताकद उंचीत जमा होते. सहा सेकंदांची मीटरभर लाट फुटताना साधारण सव्वा मीटरची होते. तीच मीटरभर लाट सोळा सेकंदांची असेल, तर पावणेदोन मीटरच्या पुढे जाते. अंदाजात नुसती उंची वाचणारा माणूस इथंच चकतो. उंचीच्या शेजारी लिहिलेले ते सेकंद वाचायला हवेत.

ते सेकंद तुम्हालाही मोजता येतात. पुळणीवर उंच, कोरड्या जागी उभं राहायचं, लाटा फुटतात तिथली एक जागा धरायची आणि ओळीनं दहा लाटा फुटायला किती वेळ लागतो ते बघायचं. त्याला दहानं भागा. जवळपासच्या वाऱ्यानं उठलेल्या लाटा बहुधा पाच ते आठ सेकंदांनी येतात. उत्तर बारा, चौदा, सोळा आलं, तर समुद्रात लांब कुठंतरी काहीतरी मोठं चाललं आहे.

[दृश्य: खडकावर बसलेली माणसं, पाठ समुद्राकडे. मागे पाणी शांत.]

आणखी एक गोष्ट, अकेडियात नडली ती. या लाटा टोळ्यांनी येतात. दूरवरून आलेल्या लाटांमध्ये थोड्याथोड्या फरकाच्या अनेक लाटा मिसळलेल्या असतात. त्यांचे माथे एकावर एक आले की ओळीनं चार-पाच मोठ्या लाटा येतात. माथा आणि खळगा एकमेकांवर आले की पाणी निवतं. हा निवांतपणा दहा-पंधरा मिनिटंही टिकू शकतो. नेमका त्याच वेळात कुणीतरी खाली उतरतं, फोटोसाठी दोन पावलं पुढे जातं, मुलाला शंख गोळा करायला सोडतं. खडक कोरडा दिसतो म्हणून माणूस विसावतो. पण खडक वाळायला तेवढी मिनिटं पुरतात. निदान वीस मिनिटं लांबून पाणी बघितल्याशिवाय अशा दिवशी खडकावर पाऊल टाकू नये, आणि मुलं सोबत असतील तर टाकूच नये.

[दृश्य: उंचावरून टिपलेला वाळूचा किनारा. पांढऱ्या लाटांच्या रांगेत मध्येच एक काळसर, सपाट पट्टा.]

वाळूच्या किनाऱ्यावर जास्तीत जास्त जीव घेणारी गोष्ट ही आहे: रिप करंट. मोठ्या लाटा एकामागून एक फुटतात तेव्हा किनाऱ्याजवळ पाणी साठतं, तिथली पातळी किंचित चढते. या पाण्याला परत जायचं असतं. पाण्याखालच्या वाळूच्या बांधात जिथं खिंडार असेल तिथून ते जोरानं बाहेर पडतं. धक्का, जेट्टी, खडकाची सोंड यांना लागूनही अशी वाट तयार होते, आणि तिथली वाट सहसा हटत नाही.

चित्र नीट बघा. डावीकडे लाटा फुटताहेत, फेस आहे. उजवीकडेही तेच. मधल्या वीसेक मीटरच्या पट्ट्यात लाट फुटत नाही, कारण तिथं पाणी खोल आहे. रंग गडद किंवा वाळूनं गढूळ. त्यावरून फेसाची एक रेघ समुद्राकडे सरकते आहे. पोहायला आलेल्या कुटुंबाला अख्ख्या किनाऱ्यावर हीच जागा सगळ्यात शांत दिसते, आणि लहान मुलांना घेऊन ते इथंच पाण्यात शिरतं. हे बघताना जीव तुटतो.

रिप करंटचा वेग एरवी सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आतबाहेर असतो. जोर धरला की तो सेकंदाला दोन मीटरच्या वर जातो. त्या वेगाला ऑलिंपिकचा जलतरणपटूही फार वेळ टिकणार नाही. हा प्रवाह माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेतो. बुडवते ती घबराट आणि किनाऱ्याकडे सरळ पोहण्याची धडपड. पाय सुटले तर पहिलं काम तरंगत राहणं, श्वास सांभाळणं, हात वर करून हाक मारणं. जमेल तेव्हा किनाऱ्याला समांतर, लाटा फुटताहेत त्या बाजूला सरकणं. तिथं पाणी उथळ असतं आणि लाटाच माणसाला आत ढकलतात. तरंगत राहिलेला माणूस काही किनाऱ्यांवर प्रवाहाबरोबर गोल फिरून आपोआप उथळ पाण्यात येतो, पण प्रत्येक किनाऱ्यावर तसं होईलच असं नाही. म्हणून हाक मारणं सोडायचं नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये 'एरिन' हरिकेन अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर लांबून गेलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या राइट्सव्हिल बीचवर जीवरक्षकांनी रिप करंटमधून डझनावारी माणसं बाहेर काढली, आणि तीही वादळ अजून पुरतं दक्षिणेला असतानाच.

[दृश्य: पाण्यात पाय रोवून उभं असलेलं लाकडी घर. पुळणीचा तुटलेला, उभा काठ.]

लांबून आलेल्या लाटा जमीनही खातात. १६ ऑगस्ट २०२४ रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्याच रोडँथे गावात समुद्रकाठचं एक घर कोसळलं. तेव्हा 'अर्नेस्टो' वादळ बर्म्युडाजवळ, म्हणजे हजारेक किलोमीटरवर होतं. पाणी ओसरल्यावर पुळणीवर वाळूचा उभा कडा उरतो. तो पक्का दिसतो, पण वर उभं राहिलं की ढासळतो. मुलांना त्याच्या खाली खेळू देऊ नका.

अरबी समुद्रानंही हे दाखवलं आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'क्यार' सुपर सायक्लोनच्या तीव्रतेला पोचलं, भारताच्या किनाऱ्याकडे पाठ करून ओमानच्या दिशेनं वळलं आणि समुद्रातच विरलं. तरी त्याच्या लाटांचं पाणी कराचीच्या किनारी वस्त्यांत आणि अमिरातीतल्या कल्बा शहरात शिरलं. जून २०२३ मध्ये 'बिपरजॉय' गुजरातेत जखाऊजवळ जमिनीवर आलं ते १५ तारखेला. त्याच्या तीन दिवस आधी, वादळ शेकडो किलोमीटर लांब असताना, मुंबईत जुहूच्या समुद्रानं पाच मुलांना ओढून नेलं. एकाला वाचवता आलं. चार मुलं गेली.

[दृश्य: किनाऱ्यावर फडफडणारा लाल बावटा.]

भारतातल्या बंदरांवर एक आणि दोन नंबरचा बावटा दूरच्या समुद्रातल्या वादळासाठीच लागतो. पण तो जहाजांना आणि होड्यांना सांगण्यासाठी. पुळणीवर आलेल्या माणसासाठी जीवरक्षकाचा बावटा असतो. लाल म्हणजे पाण्यात उतरू नका. अनेक देशांत दोन लाल बावटे म्हणजे समुद्र पूर्ण बंद. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधला भाग जीवरक्षकांच्या नजरेखालचा. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था भारताच्या किनाऱ्यांसाठी लाटांचा अंदाज देते, लाटांची उंची आणि त्यांच्यातलं सेकंदांचं अंतर दोन्ही.

हे इशारे वादळ विरल्यावर लगेच उतरत नाहीत. वादळ नकाशावरून पुसलं गेलं तरी त्यानं आधीच सोडलेल्या लाटा पुढचे एक-दोन दिवस येत राहतात. शिवाय त्या लाटांनी पाण्याखालचे वाळूचे बांध हलवलेले असतात. गेल्या आठवड्यात जिथं गुडघाभर पाणी होतं, तिथं आता खिंडार पडलेलं असू शकतं.

[दृश्य: जीवरक्षक, दोरी बांधलेली रिंग, समुद्राकडे रोखलेलं बोट.]

आणि शेवटी, कुणी ओढलं जाताना दिसलं तर. मदतीला धावणारा माणूस स्वतःच बुडाला, असं जगभर वारंवार घडतं. तो बहुतेकदा बाप असतो, भाऊ असतो, मित्र असतो. त्याला थांबायला सांगणं सोपं नाही, हे कळतं. तरी आत उडी मारू नका. जीवरक्षकाला हाक मारा, भारतात असाल तर ११२ ला फोन लावा. तरंगेल ते फेका: रिंग, सर्फबोर्ड, रिकामा बंद कॅन, झाकण लावलेला थर्मास. आणि एका माणसानं दुसरं काहीही न करता बुडणाऱ्याकडे बोट रोखून उभं राहावं, नजर न हलवता. उंच लाटांत माणसाचं डोकं क्षणात दिसेनासं होतं, आणि धावत आलेल्या जीवरक्षकाला सगळ्यात आधी कळायला हवं ते हेच, की नेमकं कुठं.