ड्युईंच्या वर्गातला विद्यार्थी

श्रोतेहो, नमस्कार.

जून १९५२. कोलंबिया विद्यापीठाची मानद पदवी स्वीकारायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानाने न्यूयॉर्कला निघाले होते. तिथे आपले जुने प्राध्यापक, अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांना भेटायचं, ही ओढ मनात होती. ड्युई तेव्हा ब्याण्णव वर्षांचे. विमान रोमपर्यंत पोचलं असतानाच ते गेले. बाबासाहेबांनी पत्नी माईसाहेबांना पत्रातून ही हळहळ कळवली आणि लिहिलं, की आपलं सारं बौद्धिक आयुष्य आपण ड्युईंचं देणं लागतो.

हे लिहिणारा माणूस एकसष्ट वर्षांचा होता, राज्यघटनेच्या मसुदा समितीचं अध्यक्षपद सांभाळलेला. आणि ड्युईंच्या वर्गात तो बसला होता १९१३ ते १९१६ या काळात, म्हणजे ऐन विशीत.

असं काय होतं त्या वर्गात? गंमत म्हणजे, ड्युई काही फर्डे वक्ते नव्हते. त्यांचे विद्यार्थी सांगतात, ते संथ बोलत, मध्येच थांबत, खिडकीबाहेर पाहत राहत. समोर मुलं बसली आहेत याचा विसर पडल्यासारखं वाटे. पण घरी जाऊन टिपणं वाचली की कळे, की आज आपल्यासमोर एक माणूस खरोखर विचार करत होता. तयार उत्तरं वाटणारे शिक्षक पुष्कळ भेटतात. उत्तरापर्यंत जाणारी वाट विद्यार्थ्यांदेखत चालून दाखवणारे फार थोडे, आणि माझ्या मते खोल ठसा उमटतो तो त्यांचाच.

माईसाहेबांची एक आठवण मला फार मोलाची वाटते. वर्गातल्या ड्युईंच्या लकबींची नक्कल बाबासाहेब तीस वर्षांनंतरही मोठ्या आनंदाने करून दाखवत. अशी नक्कल साधायला आधी माणूस डोळे भरून पाहिलेला असावा लागतो, त्याच्यावर जीव असावा लागतो.

पण प्रभावाची खरी कसोटी नकलेत नाही, वापरात आहे. १९१६ साली शिक्षणावरच्या ग्रंथात ड्युईंनी मांडलं होतं, की लोकशाही ही नुसती राज्यपद्धती नव्हे. एकमेकांसोबत जगण्याची, अनुभव वाटून घेण्याची ती रीत आहे. त्यांच्या नजरेसमोर होता अमेरिकेतला समाज आणि तिथल्या शाळा. हाच विचार, ड्युईंचं नाव न घेता, बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जातिव्यवस्थेला भिडवला. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेलं हे भाषण. मंडळाला त्यातला मजकूर पेलवेना, परिषदच रद्द झाली, तेव्हा बाबासाहेबांनी ते स्वतःच छापलं. जिथे एका तळ्याचं पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागतो, तिथे अनुभव वाटून कुठला घेणार? गुरूचं वाक्य महाडच्या चवदार तळ्यापर्यंत आणल्यावर त्याला अशी धार आली, जी कोलंबियाच्या वर्गात येणं शक्यच नव्हतं.

त्याच भाषणात त्यांनी ड्युईंचा आणखी एक विचार उद्धृत केला आहे. प्रत्येक समाजावर भूतकाळातल्या निरुपयोगी गोष्टींचं ओझं साचतं. जपून पुढच्या पिढीच्या हाती द्यायचं ते भविष्य घडवणारं तेवढंच. इथे मात्र ड्युई आपले शिक्षक होते आणि आपण त्यांचे फार ऋणी आहोत, असं त्यांनी आवर्जून नोंदवलं. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी बजावलं, की सामाजिक लोकशाहीचा पाया नसेल तर राजकीय लोकशाही टिकणार नाही. ड्युईंचं नाव त्यात नव्हतं. तोवर तो विचार सर्वस्वी त्यांचा स्वतःचा झाला होता.

१९५४ साली बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले: बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले. या यादीत ड्युई नाहीत, आणि मला ते खटकत नाही. कशासाठी जगायचं, हे बाबासाहेबांनी या तिघांकडून घेतलं. ड्युईंनी दिली ती पारखण्याची सवय, आणि ती बुद्धापाशी आल्यावरही सुटली नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच ते विचारतात, की वयाच्या एकोणतिसाव्या वर्षापर्यंत सिद्धार्थाला म्हातारा, आजारी किंवा मेलेला माणूस दिसलाच नव्हता, हे कसं पटावं?

नमस्कार.