सोडा आणि व्हिनेगर वेगवेगळे ठेवा

मंडळी, नमस्कार.

घरात असलेल्या वस्तूंनी सफाई कशी करावी आणि घरातले वास कसे घालवावेत, असा आजचा विषय आहे. व्हिनेगर, लिंबू, खाण्याचा सोडा, मीठ, साबण आणि पाणी एवढ्या सामानावर घराची बहुतेक सफाई होते, याची मला खात्री आहे. मात्र या वस्तू ज्या पद्धतीने वापरल्या जातात तिच्याबद्दल माझी एक तक्रार आहे, आणि सुरुवात मी तिथूनच करतो.

सिंकमध्ये सोडा टाकायचा आणि वरून व्हिनेगर ओतायचं. फसफसून फेस वर येतो आणि बघणाऱ्याला वाटतं, काय जोरात सफाई चालली आहे! प्रत्यक्षात व्हिनेगर हे आम्ल आणि सोडा हा अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ. दोघं एकत्र आले की एकमेकांना संपवतात. मागे उरतं पाणी, हवेत निघून जाणारा कार्बन डायऑक्साइड आणि सोडियम ॲसिटेट नावाचा एक निरुपद्रवी क्षार. हिशेबच मांडू या. ८४ ग्रॅम सोडा संपवायला ६० ग्रॅम ॲसेटिक आम्ल लागतं. साध्या व्हिनेगरमध्ये हे आम्ल ५ टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे एक मोठा चमचा, समजा १५ ग्रॅम, सोडा पुरता संपायला २०० मिलिलिटरहून थोडं जास्त व्हिनेगर लागेल. त्यापेक्षा कमी ओतलंत तर जी काही सफाई होईल ती उरलेल्या सोड्यामुळे, जास्त ओतलंत तर उरलेल्या व्हिनेगरमुळे. फेसाने अडकलेला सैल कचरा थोडासा हलतो, पण तेवढ्यासाठी दोन चांगल्या वस्तू वाया घालवू नका. हे मिश्रण बाटलीत भरून झाकण तर मुळीच लावू नका. आत वायू साठत जातो आणि बाटली फुटते.

हीच दोन्ही वेगवेगळी वापरलीत तर उत्तम काम करतात. त्यासाठी आधी समोरची घाण कसली आहे ते ओळखायला हवं. नळावरचे पांढरे चट्टे, किटलीच्या तळाशी बसलेला खडबडीत थर, शॉवरची बुजलेली भोकं हे सगळं मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतं. जड, म्हणजे क्षारयुक्त, पाणी तापलं किंवा वाळलं की ते मागे राहतं. साबणाने ते हलत नाही. उलट साबणाचा जड पाण्यातल्या कॅल्शियमशी संयोग होऊन आणखी एक राखाडी चिकट थर चढतो. इथे आम्लच हवं. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं नळाभोवती गुंडाळा आणि अर्धा तास तसंच ठेवा. शॉवरला व्हिनेगर भरलेली प्लास्टिकची पिशवी बांधा. किटलीत निम्मं पाणी आणि निम्मं व्हिनेगर घालून गरम करा. थर विरघळतो, नंतर भरपूर पाण्याने धुवा.

पण आम्ल कॅल्शियम कार्बोनेट विरघळवतं आणि संगमरवर म्हणजेही कॅल्शियम कार्बोनेटच. संगमरवरी ओट्यावर किंवा फरशीवर लिंबू-व्हिनेगर पडलं की तिथली चकाकी जाते, आणि ती पुसून परत येत नाही. नव्याने पॉलिश करावं लागतं. चुनखडीचा दगड आणि फरश्यांच्या सांध्यांत भरलेलं सिमेंट यांनाही हाच धोका. असल्या फरशीला सौम्य साबणाचं पाणी पुरेसं आहे.

तेलकट चिकटा ही दुसरी जात. शेगडीमागची भिंत, धुराडं, कपाटाच्या वरची बाजू. तिथे बसणारा पिवळट थर म्हणजे तेलाच्या वाफा आणि धूळ. तेल जुनं झालं की हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि त्याचा जवळजवळ रोगण बनतो. त्याला अल्कली लागतो, म्हणजे साबण, सोडा आणि गरम पाणी. पातेल्याच्या तळाला काही करपून लागलं असेल तर त्यात पाणी घालून दोन चमचे सोडा टाका, उकळा आणि थंड होईपर्यंत तसंच राहू द्या. मग लाकडी उलथन्याने थर निघतो. सोड्याचे कण काचेपेक्षा बरेच मऊ असतात, त्यामुळे ओला सोडा काचेवर किंवा स्टीलवर हलक्या हाताने चोळला तर सहसा चरे पडत नाहीत. ॲल्युमिनियमच्या भांड्यात मात्र सोडा उकळू नका, भांडं काळवंडतं.

तिसरी जात प्रथिनांची : रक्त, अंडं, दूध. त्यांना आधी थंड पाणी. गरम पाण्याने प्रथिनं गोठतात आणि डाग धाग्यात पक्का बसतो.

हर्बर्ट सिनर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ मध्ये सफाईचे चार घटक एका वर्तुळात मांडले : रसायन, घासणं, उष्णता आणि वेळ. एक घटक कमी केला की बाकीच्यांतला एखादा वाढवावा लागतो. धुलाईच्या व्यवसायात हे वर्तुळ आजही शिकवलं जातं. घरी आपण सगळा भार घासण्यावर टाकतो. फवारतो आणि लगेच घासायला लागतो. मनगटं दुखतात, वस्तूला चरे पडतात. तोच सोडा, तेच व्हिनेगर, पण त्याला वीस मिनिटं दिली तर निम्मे कष्ट वाचतात. ज्यांच्यावर घरातली रोजची सफाई पडते, त्यांच्यासाठी ही गोष्ट फार मोलाची आहे, म्हणून मी ती प्रत्येक वेळी आग्रहाने सांगतो.

आता वासांकडे येऊ. माझ्या मते हा विषयाचा सगळ्यांत रंजक भाग आहे.

वास येतो म्हणजे एखाद्या पदार्थाचे रेणू उडून आपल्या नाकापर्यंत पोचलेले असतात. तो रेणू उडूच दिला नाही, तर वास थांबतो. कित्येक घरगुती वासांचे रेणू एकतर आम्ल असतात किंवा अल्कली. खवट लोण्याचा वास ब्युटिरिक आम्लाचा. घामट मोज्यांचा वास आयसोव्हॅलेरिक आम्लाचा. यांच्यावर सोडा चालतो, कारण सोड्याशी संयोग झाला की त्यांचा क्षार बनतो आणि क्षार हवेत उडत नाही. मासळीचं उलट. मासा शिळा होऊ लागला की जिवाणू त्याच्या शरीरातल्या एका घटकापासून ट्रायमिथाइल अमाइन तयार करतात, आणि ते अल्कली असतं. म्हणून मासा कापलेल्या फळीवर, सुरीवर, हातांवर लिंबू किंवा व्हिनेगर चोळून मग साबणाने धुवावं. तिथे सोडा चोळून काही साधत नाही. नाकाला आंबूस, खवट, घामट लागलं तर सोडा, आणि मासळीसारखं किंवा अमोनियासारखं झोंबलं तर आम्ल, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ काम होईल.

कांदा-लसणाचा वास गंधकयुक्त रेणूंचा असतो. तो या दोघांनाही फारसा जुमानत नाही. तिथे साबण, वाहती हवा आणि बंद कपाटात सक्रिय कोळसा, म्हणजे वास शोषण्यासाठी खास तयार केलेला सच्छिद्र कोळसा. अशा कोळशाच्या एका ग्रॅममध्ये ५०० चौरस मीटरपेक्षाही जास्त आतला पृष्ठभाग असू शकतो, आणि वासाचे रेणू त्याला चिकटून राहतात.

पृष्ठभागाचाच मुद्दा फ्रिजला लागू होतो. अरुंद तोंडाच्या डब्यात सोडा ठेवला तर हवेशी त्याचा संबंध फारच थोडा येतो. पसरट ताटलीत पातळ थर पसरा. त्याआधी दाराच्या रबराच्या घड्या पुसून घ्या आणि मागच्या बाजूला पाणी साठण्याची तबकडी असेल तर तीही धुवा. फ्रिजचा वास बऱ्याचदा तिथेच दडलेला असतो.

ओल्या टॉवेलचा कुबट वास ही घरोघरची डोकेदुखी. टॉवेल धुतलेला असतो, वाळल्यावर ठीक वाटतो, पुन्हा ओला झाला की वास मारतो. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये याचं एक कारण दाखवून दिलं : मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू. कापड वाळलं तरी तो तग धरतो आणि ओल मिळाली की एक उग्र वासाचं आम्ल तयार करतो. म्हणून सुगंधी द्रव्य ओतून हा वास जात नाही. टॉवेल ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात धुवा, पाण्यात धुण्याचा सोडा घाला, आणि मुख्य म्हणजे लगेच पसरून वाळत घाला. मशीनमध्ये रात्रभर पिळा तसाच पडून राहिला तर सगळी मेहनत फुकट. धुण्याचा सोडा खाण्याच्या सोड्यापेक्षा बराच तीव्र असतो, तेव्हा हातमोजे घाला, आणि लोकर व रेशीम त्यापासून दूर ठेवा.

काही वासांना सफाईची गरजच नसते. वापरात नसलेल्या स्नानगृहातून गटाराचा वास येतो, लोक सोडा ओततात, व्हिनेगर ओततात, फिनेल ओततात. सांडपाण्याच्या नळीला खाली एक वाक असतो आणि त्या वाकात पाणी साठून राहतं. तेच पाणी गटारातला वायू अडवतं. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये शौचकूपासाठी अशा वाकाचं पेटंट घेतलं होतं. नळी बरेच दिवस वापरली नाही की ते पाणी सुकतं आणि वाट मोकळी होते. एक तांब्या पाणी ओता, वास बंद. लांबच्या प्रवासाला निघताना वरून चमचाभर खाद्यतेल सोडलंत तर पाणी सावकाश सुकतं.

चांदीबद्दल थोडक्यात सांगतो. काळी पडलेली चांदी म्हणजे पृष्ठभागावर जमलेलं सिल्व्हर सल्फाइड. घासून काढलं की चांदीही थोडी जाते. त्याऐवजी एका तसराळ्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरा, चांदी तिला टेकेल अशी ठेवा, सोडा टाका आणि कढत पाणी ओता. गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जातं, चांदी जागच्या जागी राहते. सडक्या अंड्यासारखा किंचित वास आला तर घाबरू नका, तो त्या गंधकाचाच. मोती किंवा चिकटवलेले खडे असलेल्या दागिन्यांवर हा प्रयोग करू नका.

आता ब्लीच, म्हणजे डाग घालवणारं आणि जंतू मारणारं क्लोरीनयुक्त द्रावण. ब्लीचला माझा विरोध नाही. १८२०च्या दशकात पॅरिसमध्ये लाबाराक या औषधनिर्मात्याने क्लोरीनयुक्त द्रावणाने प्राण्यांच्या आतड्यांवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांतली दुर्गंधी घालवून दाखवली. १८४७ मध्ये व्हिएन्नात प्रसूतिगृहातले डॉक्टर सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. शवविच्छेदनानंतर हातांना राहणारा वास त्याने जातो, हे त्यांच्या निवडीमागचं कारण होतं. जंतू रोग पसरवतात हे तेव्हा सिद्ध झालेलं नव्हतं, तरी प्रसूतिगृहातले मृत्यू झपाट्याने घटले. इतकी उपयोगी वस्तू आहे ही. पण तिच्यात व्हिनेगर, लिंबू किंवा शौचालय साफ करण्याचं आम्ल मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ सैनिकांवर सोडला गेला तो हाच वायू. अमोनियात मिसळलं तर क्लोरामाइन वायू होतात, तेही फुप्फुसांना घातक. बंद न्हाणीघरात ‘दोन्ही घातलं तर अधिक स्वच्छ होईल’ अशा चांगल्या हेतूने माणसं हे करतात. कृपा करून करू नका. ब्लीच वापरायचं तर फक्त पाण्यात, खिडकी उघडी ठेवून. आधी दुसरं काही ओतलं असेल तर भरपूर पाणी सोडून ते पूर्ण वाहून जाऊ द्या. आणि नाकाला झोंबलं तर काम अर्धवट टाकून आधी बाहेर पडा.

तुमचे प्रश्न आलेत, ते घेतो.

व्हिनेगरने जंतू मरतात का? काही मरतात, पण भरवसा ठेवावा इतके नाही. रोजच्या सफाईला साबण आणि पाणी पुरतं. जंतू मेले नाहीत तरी धुऊन निघून जातात. घरात कुणाला उलट्या-जुलाब होत असतील, तर मात्र जागा आधी साबणाने धुवून मग बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे पातळ केलेलं ब्लीच वापरा आणि सांगितलेला वेळ ते ओलं राहू द्या.

सुगंधी फवारे चालतील का? वास आवडतो म्हणून वापरायचे तर वापरा, पण दुर्गंधीवर झाकण म्हणून नको. घाण तिथेच राहते. आपलं नाक तर काही मिनिटांतच ओळखीच्या वासाला सरावतं. आपल्या घराला वास येतो का हे पाहायचं असेल, तर थोडा वेळ बाहेर जाऊन या आणि दार उघडल्यावर जो पहिला श्वास घ्याल त्यावर विश्वास ठेवा.

मांजराने सोफ्यावर लघवी केली आहे, वास जात नाही. हा अवघड प्रश्न आहे. ताजी असताना जाड कापडाने टिपून घ्या, घासू नका. मग पाण्यात मिसळलेलं व्हिनेगर. त्याने अमोनियाचा वास आवरतो. पण लघवीत युरिक आम्लही असतं. ते पाण्यात जेमतेम विरघळतं, धाग्यांत स्फटिकरूपाने राहतं आणि हवा दमट झाली की वास पुन्हा उठतो. इथे घरगुती वस्तूंची मर्यादा मान्य करून एन्झाइम, म्हणजे अशी घाण विघटित करणारी प्रथिनं, असलेला क्लीनर आणलेला बरा. तो ओतून काही तास ओला राहू द्या. त्यावर ब्लीच कधीही नको, कारण लघवीत अमोनिया असतो आणि पुढे काय होतं ते आत्ताच सांगितलं. लघवी आतल्या स्पंजपर्यंत मुरली असेल तर वरच्या फवाऱ्याने काम होणार नाही. कव्हर काढा, क्लीनर स्पंजमध्ये तितकाच खोल जाऊ द्या, आणि तरीही दमट दिवशी वास आला तर स्पंज बदला.