गाडीची केस वर्कशॉपच्या काउंटरवरच ठरते

बसा बसा, मागे खुर्च्या आहेत अजून. आज २४ डिसेंबर, ग्राहक दिन. १९८६ साली याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, म्हणून हा दिवस पाळतात. तो जुना कायदा आता गेला, २०१९ चा नवा आला आणि २० जुलै २०२० पासून लागू झाला. मी वकील नाही, आधीच सांगतो. माझी नवी गाडी पहिल्याच महिन्यात बिघडलेली निघाली आणि त्यामागे तीन वर्षं धावलो, त्यातून जे कळलं तेवढं तुमच्यापुढे ठेवतो.

गाडी घरी आली तेव्हा आईने ओवाळलं, नारळ फोडला, सोसायटीत पेढे वाटले. बाराव्या दिवशी सिग्नलवरून निघताना पहिला झटका बसला, दुसरा गिअर पडला की गाडी अशी मागून कोणी ढकलल्यासारखी उडायची, चढावर तर फारच. वर्कशॉपला नेली तर म्हणाले, नवीन गिअरबॉक्स आहे साहेब, सेट व्हायला वेळ लागतो, सगळ्याच गाड्यांना असतं. मी ऐकलं. परत गेलो, सॉफ्टवेअर अपडेट केलं म्हणाले. परत गेलो. असं सहा वेळा, प्रत्येक वेळी दोन दोन तीन तीन दिवस गाडी तिकडे आणि मी रिक्षाने ऑफिसला.

मग तक्रार करायची ठरवली आणि सगळी जॉब कार्ड, म्हणजे गाडी सोडताना वर्कशॉपवाले तक्रार लिहून देतात ते कागद, टेबलावर मांडली. सहापैकी चार कार्डांवर लिहिलं होतं 'जनरल चेकअप'. एकावर फक्त 'वॉशिंग'. झटक्याची तक्रार एकाच कार्डावर! सहाही ठिकाणी खाली 'काम समाधानकारक' आणि माझी सही. त्या रात्री मला खरंच झोप लागली नाही, कारण कागदावर बघितलं तर माझ्या गाडीला काही झालंच नव्हतं.

आता हे एवढं का सांगतोय ते ऐका. आपले बरेच नातेवाईक न्यू जर्सीत असतात, तिथे लेमन लॉ आहे, लेमन म्हणजे दुरुस्त करूनही बिघडलेलीच राहणारी गाडी. गाडी घेतल्यापासून पहिली २ वर्षं किंवा २४,००० मैल, यात जे आधी होईल तोपर्यंत, एकच मोठा दोष ३ वेळा दुरुस्त करूनही राहिला किंवा दुरुस्तीपायी गाडी एकूण २० दिवस बंद राहिली, तर ती लेमन असं कायदाच धरून चालतो, नाही हे कंपनीने सिद्ध करायचं. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही, किती वेळा म्हणजे पुरे याचा आकडा कुठेच लिहिलेला नाही. म्हणजे मोजायचं काम आपलं, आणि मोजलेलं दाखवायचं ते जॉब कार्डावरच.

म्हणून काउंटरवरून हलू नका. सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर टाइप करतो ना, त्याला सांगायचं माझ्या शब्दात लिही, 'दुसऱ्या गिअरला, २० च्या स्पीडला झटका, चढावर जास्त'. मीटरचं रीडिंग बघा, तारीख बघा. नाही लिहिलं तर त्याच दिवशी डीलर आणि कंपनी दोघांना ईमेल, सोबत व्हिडिओ. गाडी परत घेताना सही मागतील तेव्हा वर हाताने लिहायचं 'चालवून बघायची बाकी', मग सही. तो पोरगा वाईट नसतो हो, त्याच्यावर फीडबॅकच्या दहापैकी दहाचं प्रेशर असतं, पण त्याची सोय म्हणजे आपलं नुकसान.

कायद्यात तसं बरंच काही आहे. दोष काढून देणं, गाडी बदलून देणं, पैसे व्याजासकट परत, वर भरपाई, हे सगळं ग्राहक आयोग, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचं कोर्ट, देऊ शकतो. पण २००६ साली मारुतीच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की खराब पार्ट बदलून काम होत असेल तर आख्खी गाडी बदलून द्या म्हणता येत नाही, आणि कंपन्यांचे वकील आजही ते पुढे करतात. त्याच्यासमोर ठेवायला २०२२ चा निकाल आहे, ह्युंदाई क्रेटाचा. समोरून धडक झाली आणि एअरबॅग उघडलीच नाही. कंपनी म्हणाली धडक तेवढ्या जोराची नव्हती, तेव्हा सुप्रीम कोर्ट म्हणालं की वेग आणि जोर यांचं गणित मांडायला ग्राहक काय फिजिक्सचा तज्ज्ञ नसतो. मला हे वाक्य फार आवडतं.

गोव्याची एक केस पण लक्षात ठेवा, २०२१ ची. २०११ चं मॉडेल म्हणून पैसे घेतले आणि दिली २००९ ची, आधीच चाललेली गाडी. सुप्रीम कोर्टाने टाटा मोटर्सला सोडलं, कारण डीलरने काय केलं ते कंपनीला माहीत होतं हे दाखवता आलं नाही. म्हणून तक्रारीत डीलर आणि कंपनी दोघांनाही घाला, आणि कोणी काय केलं ते वेगवेगळं लिहा. डिलिव्हरीच्या आधी फॉर्म २१ वर, म्हणजे डीलरच्या विक्री प्रमाणपत्रावर, गाडी बनवल्याचा महिना आणि वर्ष बघा, चॅसिस नंबर स्वतः जुळवा.

तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यातही करता येते, ५० लाखांपर्यंतची गाडी जिल्हा आयोगाकडे, १० ते २० लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये. मुदत २ वर्षं, आणि इथेच लोक फसतात, वर्कशॉपच्या चकरांमध्ये ती निघून जाते. तज्ज्ञाचा रिपोर्ट नसल्याने कितीतरी केसेस पडतात, तेव्हा गाडी तपासणीला पाठवा असा अर्ज सुरुवातीलाच द्या, त्याचा खर्च आधी आपल्याला भरावा लागतो, भरा. कायद्यात ३ महिने, तपासणी असेल तर ५ महिने लिहिलंय, मला त्याच्या कितीतरी पट लागले. मला नवीन गाडी मिळाली नाही, गिअरबॉक्स फुकट बदलून मिळाला आणि थोडी भरपाई. आयोगाने विचारलं, दोष पहिल्यापासून होता तर कार्डावर का नाही? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हो, तुम्ही, मागचे काका. गाडी टॅक्सीसाठी घेतली तर तक्रार चालते का? स्वतः चालवून त्यावरच पोट असेल तर तुम्ही ग्राहकच, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. जॉब कार्ड आणलीत का सोबत? द्या इकडे, बघू.