पहिलं वर्ष निघायला हवं

नमस्कार श्रोतेहो.

पाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा. या तीन मुहूर्तांवर आपल्याकडे नव्या दुकानांची किती उद्घाटनं होतात! सत्यनारायण होतो, झेंडूची तोरणं लागतात, पाहुणे पेढा खाऊन 'भरभराट होवो' म्हणून जातात. त्यातल्या कितीतरी गाळ्यांवर वर्षा-दीड वर्षात दुसरीच पाटी चढलेली दिसते. चहा-नाश्त्याचं हॉटेल जाऊन मोबाइलचं दुकान येतं, ते जाऊन केकचं येतं. मग लोक म्हणतात, ती जागाच कुणाला लाभत नाही.

मला हे पटत नाही. सांगलीत अनेक वर्षं मी लहान दुकानदारांच्या हिशेबाची आणि कराची कामं करतो. बंद पडलेल्या दुकानांच्या फाइली माझ्याकडेच येतात. त्या चाळताना जागेचा दोष क्वचित दिसतो, आणि मालकाचा आळस तर फारच क्वचित. पहाटे पाचला भट्टी पेटवणारा आणि रात्री अकराला फरशी पुसून घरी जाणारा माणूस आळशी कसा असेल? बहुतेक फाइलींत एकच गोष्ट दिसते. धंदा जमत आलेला असतो, गिऱ्हाईक वाढत असतं, आणि नेमके त्याच वेळी पैसे संपलेले असतात.

हे आकड्यांत सांगतो. जमल्यास कागद-पेन्सिल घ्या. उदाहरण मी बनवलेलं आहे, पण आकडे मध्यम शहरातल्या बाजाराला धरून आहेत.

समजा, एका गृहस्थांनी १० लाख रुपये उभे केले. थोडे फंडाचे, थोडे बायकोचे दागिने ठेवून, थोडे बँकेकडून. नाश्त्याचं हॉटेल काढायचं ठरलं. गाळ्याची अनामत २ लाख. फर्निचर, टाइल्स, दिव्यांची पाटी यांत साडेतीन लाख. भट्टी, फ्रिज, चिमणी, भांडी मिळून २ लाख. परवाने, उद्घाटन आणि किरकोळ खर्च पन्नास हजार. झाले ८ लाख. अजून एक प्लेट पोहे विकले गेलेले नाहीत आणि हातात २ लाख उरलेत.

आता महिन्याचा खर्च. भाडं १८ हजार, आचारी आणि मदतनीस मिळून २६ हजार, लाइट बिल ६ हजार, बँकेचा हप्ता ९ हजार, वरखर्च ३ हजार. एकूण ६२ हजार. विक्रीच्या प्रत्येक रुपयातले साठ पैसे कच्चा माल, गॅस आणि वाया जाणाऱ्या जिनसा यांत जातात असं धरा. हाती राहतात चाळीस पैसे. म्हणजे ६२ हजार निघायला महिन्याला १ लाख ५५ हजारांची विक्री हवी. आठवड्याची सुट्टी सोडून २६ दिवस धरले, तर रोज सहा हजारांची. माणशी सरासरी चाळीस रुपये आले तर रोज दीडशे गिऱ्हाईक. हॉटेल बारा तास उघडं असेल, तर दर पाच मिनिटांना एक माणूस आत यायला हवा, पावसातसुद्धा. आणि यात मालकाच्या घरखर्चाचा एक रुपयाही धरलेला नाही.

सुरुवातीला माणसं किती येतात? ऐंशी आली तरी चांगली म्हणायची. तेवढ्यात महिन्याला सुमारे २९ हजारांची तूट पडते. घरखर्चाला २० हजार काढले की ४९ हजार. उरलेले २ लाख चार महिन्यांत संपतात. रोजच्या वाटेवरचं गिऱ्हाईक आपलं व्हायला मात्र वर्ष लागतं. कचेरीतली माणसं आधी एकदा चव बघतात, मग मित्राला घेऊन येतात, मग पावसाळा जातो, मग कुठे 'नेहमीचं द्या' म्हणायला लागतात. दीडशे माणसं यायला आठवा-दहावा महिना उजाडतो. आमच्या गृहस्थांनी चौथ्याच महिन्यात उसनवारी सुरू केलेली असते.

आता ते साडेतीन लाखांचं फर्निचर आठवा. तेच एक लाखात भागवलं असतं, तर अडीच लाख हातात राहिले असते. अडीच लाख म्हणजे आणखी पाच महिने. हे मी प्रत्येक नव्या माणसाला कळकळीनं सांगतो: बाकडी जुन्या बाजारातून आणा, पाटी साध्या रंगाची करा आणि रोकड हातात ठेवा. बहुतेकांना ते पटत नाही, कारण शेजारच्या दुकानात काच आणि झगमगाट असतो. दुकान थाटात उघडायचं ही आपल्याकडे प्रतिष्ठेची बाब आहे आणि त्या थाटापायी फार मोठी किंमत मोजली जाते.

दुसरी गोष्ट गल्ल्याची. संध्याकाळी गल्ल्यात सहा हजार दिसले की ते सहा हजार कमावल्यासारखे वाटतात. त्यातूनच मुलाची फी जाते, पाहुण्यांचा आहेर जातो, गाडीत पेट्रोल पडतं. प्रत्यक्षात त्यातले साठ टक्के दूधवाल्याचे, किराणावाल्याचे आणि गॅसवाल्याचे असतात. मालकानं स्वतःला ठरावीक पगार लावावा, तो महिन्याच्या पाच तारखेला घ्यावा आणि मधे गल्ल्याला हात लावू नये. एवढी शिस्त पाळणारी दुकानं वाईट दिवसांतही तगलेली मी पाहिली आहेत. आता फोनवरून पैसे थेट खात्यात येतात, तिथेही तेच. धंद्याचं खातं वेगळं आणि घराचं वेगळं.

जीएसटीबद्दल थोडक्यात सांगतो. हॉटेलसाठी वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. आपल्या उदाहरणात महिन्याला १ लाख ५५ हजार म्हणजे वर्षाला १८ लाख ६० हजार. आपण मर्यादेच्या आत आहोत. पण मालकाला २० हजार सुटायला हवे असतील तर महिन्याला २ लाख ५ हजारांची विक्री लागते, आणि तिथे आपण मर्यादा ओलांडतो. पाच टक्के कर गिऱ्हाइकाकडून वेगळा न घेता स्वतः भरला, तर त्या वीस हजारांतले दहा हजार गेले. म्हणून भावपत्रक लिहितानाच कर धरून ठेवा.

दुकान अडचणीत आलंय हे हिशेबाच्या वहीआधी फळीवर दिसतं. किराणा दुकानात नीट बघा. पुढे साबणांची एक रांग असते आणि तिच्या मागे रिकाम्या पुठ्ठ्याचे खोके लावलेले असतात, फळी भरलेली दिसावी म्हणून. डाळींच्या बरण्या अर्ध्यावर आलेल्या असतात. थंड पेयांचा फ्रिज लाइट बिल वाचवायला दुपारी बंद ठेवलेला असतो. होलसेलवाल्यानं पंधरा दिवसांची उधारी बंद करून 'रोख असेल तरच माल' सांगितलेलं असतं. गिऱ्हाइकाला हवी ती वस्तू दोनदा मिळाली नाही की तिसऱ्यांदा तो येत नाही. मग माल नाही म्हणून विक्री नाही, आणि विक्री नाही म्हणून माल नाही.

या वेळी दारात येतो रोजच्या वसुलीचा खासगी सावकार. दहा हजारांचं कर्ज, हातात नऊ हजार, आणि रोज शंभर रुपये असं शंभर दिवस. ऐकायला हे सोपं वाटतं. पण वर्षाचा दर काढला तर तो ७५ ते ८० टक्क्यांच्या घरात जातो. चाळीस पैसे मार्जिनच्या धंद्याला हे व्याज झेपत नाही. पतसंस्थेत पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, भरत असाल तर आधी तिच्यावर कर्ज मागा. मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत आणि 'किशोर' गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. ते दुकान चालू असताना, वह्या स्वच्छ असताना मागा. बुडत्या दुकानाला बँक दारात उभं करत नाही, आणि तेव्हा तिला दोष देऊन काही साधत नाही.

आता बारबद्दल बोलतो. 'बार म्हणजे नोटा छापायचं मशीन' हा समज घेऊन पुष्कळ तरुण जमिनीचे पैसे त्यात घालतात. बाटली विकणारं वाइन शॉप आणि बसून पिण्याची परमिट रूम, या दोन्हींचं गणित वेगळं आहे. वाइन शॉपचे नवे परवाने आपल्या राज्यात सत्तरच्या दशकापासून जवळपास बंदच आहेत. त्यामुळे ज्यांच्याकडे ते आहेत, त्यांना स्पर्धा कमी. परमिट रूमचे परवाने मात्र मिळत राहिले, आणि एका रस्त्यावर पाच-सहा झाल्या. परवान्याची फी वर्षाची असते, विक्री होवो न होवो. मोठ्या शहरांत ती काही लाखांत जाते, आणि नूतनीकरण ३१ मार्चच्या आत करावं लागतं. निवडणूक लागली की मतदान संपण्याआधीचे ४८ तास विक्री बंद. बंदच्या दिवशीही आचाऱ्याचा आणि वेटरचा पगार चालू असतो.

शिवाय एका निर्णयानं सगळं गणित बदलू शकतं. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री बंद करण्याचा आदेश दिला आणि १ एप्रिल २०१७ पासून महाराष्ट्रात, गोव्यात कितीतरी दारांना कुलपं लागली. रस्त्यावरच्या अपघातांचा विचार करता त्या आदेशामागची कळकळ मला मान्य आहे. त्याच वर्षी पुढे शहरांच्या हद्दीतल्या रस्त्यांना सूट मिळाली, पण मधल्या महिन्यांचं भाडं कुणी माफ केलं नव्हतं. नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममधला व्हॅट ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला. २०२५ मध्ये उत्पादन शुल्क वाढलं, आणि १४ जुलैला राज्यातल्या परमिट रूम निषेध म्हणून एक दिवस बंद राहिल्या. मोठा हॉटेलवाला असे धक्के सोसतो. दहा टेबलांचा माणूस सोसू शकत नाही.

इथे एक सांगितलंच पाहिजे. गावातल्या महिलांनी मतदान करून बाटली आडवी केली आणि दुकान बंद झालं, तर त्याला मी धंद्याचं अपयश म्हणणार नाही. तो त्या गावाचा हक्क आहे. परवाना घेणाऱ्यानं ही शक्यता पहिल्या दिवसापासून मनात धरायला हवी.

आणि पूर. सांगलीकरांना काय सांगायचं! आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. गणपती पेठ, हरभट रोड, मारुती रोड पाण्याखाली. ओल्या साखरेच्या आणि पिठाच्या गोण्या रस्त्यावर टाकून द्याव्या लागल्या. मग २०२० ची टाळेबंदी, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर. दोन वर्षांत तीन घाव. ज्यांनी बँकेचं कर्ज घेतलं होतं, त्यांचा मालाचा विमा बँकेनं उतरवायला लावला होता. ज्यांनी स्वतःच्या पैशांनी दुकान घातलं, त्यांच्यातल्या अनेकांकडे विमा नव्हता. कर्ज नको म्हणणाऱ्या सरळ माणसांचं नुकसान सर्वांत जास्त झालं, याचं मला आजही फार वाईट वाटतं. नदीकाठच्या पेठांतल्या दुकानदारांनो, विमा उतरवताना त्यात पूर येतो का, हे वाचून घ्या.

ही थोड्याथोडक्यांची गोष्ट नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशात शेतीबाहेरचे असे लहान सुमारे ६ कोटी ३४ लाख उद्योग होते, त्यातले जवळपास ४८ लाख महाराष्ट्रात. आणि देशातल्या या उद्योगांपैकी ८४ टक्के असे, की ज्यांत कायमचा पगारी माणूस एकही नाही. नवरा-बायको, आई-मुलगा, दोघे भाऊ, एवढंच मनुष्यबळ. घरातून चालणारी खानावळ पुष्कळदा टिकते, ती याचमुळे. तिला गाळ्याचं भाडं नसतं, अनामत नसते, आणि घरचं जेवण त्याच चुलीवर होतं. बाजारात जायचं असेल तर आधी सहा महिने घरातून डबे देऊन बघा, असं मी सांगतो. त्यात गिऱ्हाईकही जमतं आणि हिशेबाचा हातही बसतो.

गाळ्याच्या मालकांनाही एक विनंती. पहिले सहा महिने भाडं निम्मं घ्या आणि पुढच्या दोन वर्षांत ते वसूल करा. भाडेकरू टिकला तर तुमचाच गाळा भरलेला राहील. दर वर्षी नवा माणूस शोधणं, मधले तीन महिने गाळा रिकामा ठेवणं, यात तुमचं नुकसान जास्त आहे.

आणि ज्यांना आता खरोखरच थांबायचं आहे, त्यांच्यासाठी. शटर ओढून घरी बसू नका. जीएसटी नोंदणी असेल तर ती रद्द करण्याचा अर्ज करा. नाहीतर विवरणपत्रं थकत राहतात आणि विक्री शून्य असली तरी विलंब शुल्क चढत जातं. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत अखेरचं विवरणपत्र भरावं लागतं. विजेच्या मीटरची अनामत परत मागा. भाडेकरारातली नोटिशीची मुदत वाचा आणि नोटीस लेखीच द्या. फ्रिज, भट्टी, टेबलं दुकान चालू असतानाच विकायला काढा, कारण बंद दुकानातल्या वस्तूला निम्माही भाव येत नाही. हाती येईल त्यातून आधी कामगारांचे पगार चुकते करा. मग दूधवाला, भाजीवाली, पाववाला. त्यांचाही धंदा तुमच्याएवढाच लहान आहे. मोठ्या होलसेलवाल्याला आणि बँकेला हप्ते पाडून देता येतात, ते थांबू शकतात. ही यादी दुकान बंद करण्याच्या दोन महिने आधी, घरातल्या सगळ्यांना समोर बसवून लिहा.

नमस्कार.